भावयुद्धात चिप कंपन्यांचे शेअर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंटेल आणि एएमडी यांच्यात किमती पाडण्याची चढाओढ लागली की दोन्हींचे शेअर निम्मे निम्मे घेऊन ठेवले तर? एकीचे गिऱ्हाईक दुसरीकडेच जाणार, म्हणजे नुकसान भरून निघेल ना? (सांगली)

उत्तर : गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, पण त्याच्याबरोबर नफा जात नाही. तो संगणक घेणाऱ्याच्या खिशात जातो. २००६ साल पाहा. जुलैत इंटेलने कोअर २ ड्युओ ही नवी चिप आणली आणि जुन्या पेंटियम डी चिपचे दर उतरवले. एएमडीनेही त्याच महिन्यात आपल्या अॅथलॉन चिपच्या किमती जबर कापल्या. त्या वर्षी इंटेलचा नफा सुमारे ८७० कोटी डॉलरवरून ५०० कोटींवर आला आणि एएमडी १६.६ कोटींच्या तोट्यात गेली. निम्मे निम्मे घेणाऱ्याला दोन्हीकडून मार बसला.

पुढच्या वर्षी एएमडीची विक्री ५६५ कोटींवरून ६०१ कोटींवर गेली, तरी तोटा ३३८ कोटींचा झाला. विक्रीतली वाढ फसवी होती, कारण ऑक्टोबर २००६ मध्ये सुमारे ५४० कोटींना विकत घेतलेल्या एटीआय या ग्राफिक्स चिप कंपनीची वर्षभराची विक्री तिच्यात मिसळली होती. त्या खरेदीसाठी काढलेले २५० कोटींचे कर्ज मात्र डोक्यावर होते. तोट्याचा जवळजवळ निम्मा भाग एटीआयचे पुस्तकी मूल्य खाली आणल्याचा होता. उरलेला भावयुद्धाचा आणि रखडलेल्या चार गाभ्यांच्या (क्वाड-कोर) चिपचा. २००६ च्या सुरुवातीला ४० डॉलरवर असलेला शेअर नोव्हेंबर २००८ मध्ये २ डॉलरच्या आसपास आला. त्यात जागतिक मंदीचा हात होताच, पण कर्ज नसते तर कंपनी इतकी टेकीला आली नसती. पुढे तिला आपले कारखानेच वेगळे काढावे लागले.

प्रश्न : मग तिमाही निकालात नेमके काय पाहायचे? (नाशिक)

उत्तर : आधी ढोबळ नफ्याचे प्रमाण. चिप १०० रुपयांची, खर्च ५०. दर २० टक्क्यांनी कापला की नगामागे ५० ऐवजी ३० सुटतात. पूर्वीइतकाच ढोबळ नफा हवा असेल तर ६७ टक्के जास्त नग विकावे लागतील, आणि समोरच्यानेही दर कापला असेल तर ते कोणाच्याच हाती लागत नाहीत. म्हणून ‘बाजारहिस्सा वाढला’ या बातमीवर आम्ही पैसे लावणार नाही.

मग साठा. ताळेबंदातल्या साठ्याला तिमाहीत विकलेल्या मालाच्या उत्पादनखर्चाने भागा आणि ९० ने गुणा. साठा किती दिवसांचा आहे ते कळते. सलग दोन तिमाह्या हा आकडा वाढला तर पुढची दरकपात जवळ आली असे समजा. वितरकांकडचा माल या आकड्यात दिसत नाही. दर उतरवले की त्यांच्याकडे पडून असलेल्या मालाचा फरक पुष्कळदा कंपनीच भरून देते, म्हणून व्यवस्थापन त्या साठ्याबद्दल काय बोलते ते वाचा. शिवाय साठ्याचे मूल्य एका तिमाहीत खाली आणले आणि तोच माल नंतर विकला गेला, तर नफ्याचे प्रमाण एकदम सुधारलेले दिसते. ती सुधारणा टिकत नाही.

शेवटी रोकड, आणि येत्या दोन वर्षांत फेडायचे कर्ज. कारखाना स्वतःचा असेल तर वेफर (ज्यांच्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) कमी काढले तरी यंत्रांचा घसारा तेवढाच लागतो, म्हणून नगामागचा खर्च चढतो. कारखाना नसलेली कंपनीही सुटत नाही. ठरलेले वेफर घेणे परवडेना म्हणून २०१२ मध्ये एएमडीने ग्लोबलफाउंड्रीजला (तिच्यातून वेगळ्या काढलेल्या कारखान्यांच्या कंपनीला) ३२ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. असे करार तिमाही अहवालाच्या टिपांमध्ये असतात. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एडगर संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतात.

प्रश्न : हे शेअर भारतातून घेताना काय सांभाळावे? (पणजी)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या योजनेत आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. सध्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर आणि अधिभार. काही विकले नसले तरी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्ट एफएमध्ये हे शेअर दाखवावेच लागतात, आणि तिथे हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो. इथे बरेच जण चुकतात. अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या पुढे गेली तर वारसांना तिथला मृत्युकर लागू शकतो, तेव्हा मोठी रक्कम घालण्याआधी सल्लागाराला विचारा.