लिव्हरमध्ये गाठ निघाली, मग परत सीटी कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सिडकोत राहतो, अण्णा (वय ६१) ओझरला द्राक्षबाग बघतात. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये अडीच सेंमीची गाठ निघाली, आता ट्रायफेजिक सीटी करा म्हणतात. पण २ महिन्यांपूर्वीच मुतखड्यासाठी सीटी झालाय, त्यात लिव्हर नॉर्मल होतं. परत तोच खर्च कशाला? आणि बायोप्सीने गाठ पसरते हे खरंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधीचा सीटी चुकीचा नव्हता, तो वेगळ्या कामाचा होता. मुतखड्याचा सीटी बहुतेक वेळा साधा, म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडायचं, फोटोत उजळणारं औषध) न देता करतात, खडा त्यात पांढराशुभ्र दिसतो पण लिव्हरच्या कितीतरी गाठी आजूबाजूच्या लिव्हरसारख्याच करड्या असल्यामुळे दिसतच नाहीत. त्यामुळे हा खर्च वाया जाणार नाही, करूनच घ्या.

अण्णांना हे चटकन कळेल, त्यांना सांगा की लिव्हर ही दोन लाइनींवर भिजणारी बाग आहे. साधारण ७५ टक्के रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून येतं आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून, पण लिव्हरमध्येच सुरू होणारा कॅन्सर मुख्यतः आर्टरीवरच पोसतो. म्हणून हातातल्या शिरेतून औषध सोडलं की साधारण ३५ सेकंदांनी पहिले फोटो, ७० सेकंदांच्या आसपास दुसरे आणि ३ ते ५ मिनिटांनी तिसरे, या तीन वेळा म्हणजे तीन फेज, म्हणूनच ट्रायफेजिक. तसा कॅन्सर पहिल्या फोटोत उजळतो आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा काळा पडतो, त्याला वॉशआउट म्हणतात. हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कडेने ठिपक्याठिपक्याने उजळून हळूहळू आतपर्यंत भरते, आणि पाण्याची गाठ कुठल्याच फोटोत उजळत नाही. सगळी ओळख त्या वेळेवर आहे, म्हणून सेंटरला फोन करून विचारा की तीनही फेज करणार ना, नुसता 'कॉन्ट्रास्ट सीटी' नको. घाबरू नका, हिमॅन्जिओमा खूप जणांना असतो आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही.

जायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. इंजेक्शनच्या वेळी अंग गरम वाटतं, तोंडाला विचित्र चव येते, ते मिनिटभरात जातं. जुन्या सीटीची आणि सोनोग्राफीची सीडी, फिल्म सगळं घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको.

आता बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं क्वचित घडतं, म्हणजे तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटं नाही, पण त्या भीतीने गरजेची बायोप्सी टाळू नका. सिरोसिस (लिव्हर कडक, व्रणांनी भरलेलं होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल आणि सीटीत ते उजळणं-वॉशआउट स्पष्ट असेल तर बऱ्याचदा बायोप्सीशिवायच निदान पक्कं धरतात. लिव्हर निरोगी असेल तर मात्र तसंच चित्र दिसलं तरी तेवढ्यावर कॅन्सर म्हणता येत नाही, तिथे एमआरआय किंवा बायोप्सी लागू शकते. म्हणून हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी आत्ताच करून टाका, दारूचं काही असेल तर तेही मोकळेपणी सांगा. सोबत एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रोटीनची रक्ततपासणी) करतील, पण ती नॉर्मल आली म्हणून सीटी रद्द करू नका, लिव्हरचा कॅन्सर असूनही एएफपी नॉर्मल असू शकते.