कोकम तेलाची क्रीम म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायची तर प्राण्यांवर टेस्ट करावी लागेल का?

नाही, उलट भारतात २०१४ पासून कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्ट करायला बंदीच आहे, आणि त्याच वर्षी बाहेर प्राण्यांवर टेस्ट केलेल्या मालाच्या आयातीवरही बंदी आली. मी टेस्टिंग लॅबमध्ये आहे म्हणून सांगते, त्वचेची जळजळ तपासायला आता सशाची पाठ लागत नाही, माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेली त्वचा मिळते, त्यावर तुमचा घटक ठरावीक वेळ ठेवायचा, धुवायचा आणि नंतर किती पेशी जिवंत राहिल्या ते एका रंगाच्या रिॲक्शनवरून मोजायचं, ५० टक्के किंवा त्याहून कमी उरल्या तर तो त्रासदायक. ओईसीडीची (अनेक देशांची संघटना, ती टेस्टच्या पद्धतीही ठरवते) मान्य पद्धत आहे ही, नंबर ४३९. डोळ्यांसाठीही असेच टिश्यू आहेत, शिवाय कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, वापरतात (याला पूर्ण प्राणीमुक्त म्हणायचं का, मला तरी पटत नाही). ॲलर्जीचं मात्र एका टेस्टने भागत नाही, दोन-तीन एकत्र करून निष्कर्ष काढावा लागतो.

पण एक आहे, एखादा नवीन घटक वर्षानुवर्षं लावला तर लिव्हर किंवा गर्भावर काय होईल याला अजून पूर्ण पर्याय नाही. तुमचं साधं कोकम तेल असेल तर तो प्रश्न येत नाही, पण बनवून विकायला लायसन्स लागतं, ते गोव्याच्या एफडीएकडे (अन्न आणि औषध प्रशासन) आधी विचारा.