वाचकांचे प्रश्न : चीनमधील सुटे खिळे

प्रश्न : युरोपातील मुद्रणाचा जनक गुटेनबर्ग याच्या चारशे वर्षे आधी चीनमध्ये सुटे खिळे (छपाईसाठी एकेका अक्षराचे वेगळे ठसे) होते, असे वाचले. मग तेथे कोरीव लाकडी फळ्यांवरील छपाईच का टिकली?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. इ. स. 1041 ते 1048 या काळात बी शेंग नावाच्या एका सामान्य माणसाने चिकणमातीचे खिळे कोरून भाजले, असे शेन कुओ या विद्वान अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरून त्यावर खिळे जुळवायचे, पत्रा शेकायचा आणि मिश्रण मऊ होताच वरून सपाट फळी दाबून सारे खिळे एका पातळीत आणायचे, अशी ही रीत होती. एका पत्र्यावर छपाई चाले, तोवर दुसऱ्यावर जुळणी होई. नेहमी लागणाऱ्या चिन्हांचे वीस-वीस खिळे असत. लाकूड त्याने टाळले, कारण ते ओल शोषून फुगते आणि राळेला चिकटून बसते.

मात्र शेन कुओ हेही नोंदवतो की दोन-तीनच प्रती हव्या असतील तर हा खटाटोप परवडत नाही; शेकडो हव्या असतील तरच वेग जाणवतो. चिनी लिपीला हजारो चिन्हे लागतात (आपल्या जोडाक्षरांनी जेरीस आलेल्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांना, ही अडचण सहज कळेल), तर अख्खे पान कोरलेली फळी जपून ठेवली की लागेल तेव्हा हव्या तेवढ्याच प्रती काढता येतात. पुढे वांग झेन या चिनी अधिकाऱ्याने लाकडी खिळे करून ते फिरत्या गोल मेजांवर मांडले, म्हणजे जुळाऱ्याला बसल्या जागी चिन्हे उचलता येत.