‘बेचिराख’ गावात राख असते का?

प्रश्न असा आहे : फ्रान्समधील फ्लरी-दव्हां-दुओमों या छोट्या गावावरील एका लेखाचे मराठी भाषांतर करताना भाषांतरकाराने त्याला ‘बेचिराख गाव’ म्हटले. त्यावर एका वाचकाने आक्षेप घेतला की, बेचिराख म्हणजे जळून राख झालेले. हे गाव तर तोफगोळ्यांनी मातीत मिसळले आणि आज तेथे दाट जंगल उभे आहे, तेव्हा शब्द ‘ओसाड’ किंवा ‘उद्ध्वस्त’ हवा होता. यांत बरोबर कोण?

माझ्या मते भाषांतरकाराचा शब्द बरोबर आहे, आणि तो ज्या अर्थाने बरोबर आहे तो अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. ‘बेचिराख’मध्ये राख नाही. फारसी ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. मराठी उच्चारात त्या ‘चिराग’चे ‘चिराख’ झाले. जेथे सांजवेळी दिवा लावायला माणूस उरला नाही ते गाव बेचिराख. दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या इनामाला ‘चिरागी’ म्हणत, तोच हा शब्द. पुढे शेवटच्या ‘राख’ या अक्षरांमुळे आगीचा अर्थ त्याला चिकटला आणि बॉम्बहल्ल्यात शहरे ‘बेचिराख होऊ’ लागली. हा अर्थ आता रूढ आहे, त्याला चूक म्हणण्यात हशील नाही. महसुली दप्तरात मात्र जुना अर्थ टिकून राहिला. तेथे बेचिराख गाव म्हणजे वस्ती नसलेले, पण नाव, शीव आणि नोंद कायम असलेले मौजे.

आता फ्लरीकडे पाहू. फ्रान्सच्या ईशान्येला, म्यूझ नदीच्या उजव्या तीरावरील टेकड्यांमध्ये, व्हर्डन शहरापासून थोड्याच किलोमीटरवर हे गाव होते. नाव ऐकून फ्रेंच ‘फ्लर’, म्हणजे फूल, आठवते; पण अशी नावे ‘फ्लोरियाकुम’ या लॅटिन रूपातून, म्हणजे फ्लोरियुस नावाच्या कोणा जमीनमालकावरून आली आहेत. ‘दव्हां-दुओमों’ म्हणजे दुओमों या शेजारच्या गावाच्या समोरचे. फ्लरी नावाची गावे फ्रान्समध्ये अनेक असल्याने, आपण बुद्रुक आणि खुर्द लावतो तशी ही ओळखीची पुस्ती. १९१३ साली येथे ४२२ माणसे राहत होती, आणि शेती व लाकूडकाम हे त्यांचे पोटापाण्याचे व्यवसाय होते.

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातील व्हर्डनची लढाई सुरू झाली आणि गावकऱ्यांना घरदार सोडून निघावे लागले. २३ जूनला जर्मन सैन्य फ्लरीत शिरले. त्यानंतर ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी ते कायमचे परत घेईपर्यंत गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले असे सांगतात. पण शेवटी घेण्यासारखे तेथे काही उरले नव्हते.

मराठीत गावाचे दोन भाग मानतात : घरांची ती पांढरी आणि शेतांची ती काळी. आपल्याकडे दुष्काळाने किंवा साथीने गाव बेचिराख झाले, म्हणजे पांढरी ओस पडली, तरी शेजारच्या गावचे शेतकरी येऊन काळी कसत राहतात. भिंती खचतात, पण शिवार पिकते. फ्लरीत पांढरीबरोबर काळीही गेली. न फुटलेले गोळे, विषारी रसायने आणि मृतदेह यांनी भरलेली ती जमीन सरकारने ‘लाल क्षेत्रा’त घातली, तेथे नांगर धरण्यास मनाई केली आणि पुढे झाडे लावली. म्हणूनच ‘ओसाड’ आणि ‘उजाड’ हे शब्द मला येथे पटत नाहीत. दोन्ही शब्दांनी डोळ्यांसमोर रखरखीत माळ येतो, तर फ्लरीच्या जागी गवताने झाकलेले खड्डे एकमेकांत मिसळत गेले आहेत आणि झाडांखालच्या पायवाटांवर येथे शाळा होती, येथे लोहार होता, येथे शेतकऱ्याचे घर होते असे सांगणाऱ्या लहान खुणा तेवढ्या आहेत. उभी वास्तू म्हणावी तर नंतर बांधलेले एक चॅपेल.

‘उद्ध्वस्त’ हा शब्द चुकीचा नाही. फ्रेंच लोकही अशा गावांना ‘नष्ट झालेली गावे’ म्हणतात. व्हर्डनच्या परिसरात ती नऊ होती, त्यांपैकी सहा पुन्हा कधीच वसली नाहीत. पण उद्ध्वस्त म्हटल्याने अर्धीच गोष्ट कळते. १९१९ साली कायदा करून फ्रान्सने या गावांचे प्रशासकीय अस्तित्व राखले, आणि फ्लरीचा कारभार आजही प्रीफेक्टने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाने, नेमलेल्या तीन जणांच्या समितीकडे आहे. (तिच्या अध्यक्षाला काही भाषांतरांत ‘महापौर’ म्हटलेले आढळते, ते टाळावे; महापौर महानगरपालिकेचा असतो. निवडणूक होत नसल्यामुळे ‘सरपंच’ही बसत नाही, ‘अध्यक्ष’ पुरेसे आहे.) माणूस एकही नाही, पण गाव दप्तरी आहे, ही स्थिती ‘बेचिराख’इतकी नेमकी सांगणारा दुसरा शब्द मला मराठीत दिसत नाही.

या गावांना मिळालेल्या ‘मोर पूर ला फ्रांस’, म्हणजे ‘फ्रान्ससाठी मृत’, या उपाधीचे भाषांतर त्याच लेखात ‘हुतात्मा गाव’ असे केले आहे, ते मात्र मी बदलेन. हे शब्द मुळात १९१५ च्या कायद्याने आले, ते युद्धात मेलेल्या सैनिकाच्या मृत्युनोंदीवर लिहिण्यासाठी. ती कारकुनाने करायची नोंद आहे, गौरवाचे विशेषण नव्हे, आणि एका गावापुढे ती लिहिली जाते यातच तिचे सारे बळ आहे. त्यामुळे वाक्य साधे ठेवावे : ‘मौजे फ्लरी-दव्हां-दुओमों, बेचिराख, फ्रान्ससाठी मृत.’