तेल उसनं मिळत नाही: न्यायाच्या दिवसाबद्दल तुमचे प्रश्न

सगळ्यांना सलाम. मागच्या वेळी मी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ आणि २५ या अध्यायांवर, म्हणजे येशूचं परत येणं आणि न्यायाचा दिवस यावर, थोडं लिहिलं होतं, त्यानंतर इतके मेसेज आले की एकेकाला वेगळं उत्तर देणं जमेना, म्हणून त्यातले सहा प्रश्न इथे घेतोय. नावं मुद्दामच काढलीत, गाव ठेवलंय.

प्रश्न (श्रीरामपूरहून एक ताई): आमच्या प्रार्थना ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात. युद्ध, भूकंप, लाल चंद्र, आणि शेवटी 'तारीख पक्की'. सासूबाई इतक्या घाबरल्यात की रात्री झोप नाही. त्यांना काय सांगू?

ताई, आधी त्यांच्याजवळ बसून मार्क १३:३२ मोठ्याने वाचा. तो दिवस दूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला माहीत आहे असं येशू स्वतः म्हणतो. आता जे पुत्राला माहीत नव्हतं ते युट्यूबवरच्या एखाद्या ब्रदरला कळलं असेल तर त्याच्या धाडसाला सलामच करायला पाहिजे.

हा तारखांचा धंदा जुना आहे बरं. विल्यम मिलर नावाचा अमेरिकेतला शेतकरी आणि बाप्टिस्ट प्रचारक, त्याने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं असं धरून हिशोब मांडला, तो आला १८४३ च्या आसपास, ते वर्ष गेलं मग त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, कशाला काढायचं म्हणून. २३ तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला. त्या दिवसाला इतिहासात 'मोठी निराशा' असंच नाव पडलं. आणि अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं सांगायचं तर हॅरल्ड कॅम्पिंग, शिकलेला माणूस, सिव्हिल इंजिनिअर, त्याने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, ती चुकली मग २१ ऑक्टोबर सांगितली, तीही गेली, आणि पुढच्या वर्षी चूक झाली म्हणून जाहीर कबूल केलं. कबूल केलं एवढं बरं केलं, बाकीचे तेवढंही करत नाहीत.

बायबलच्या काळात थेस्सलनीका या शहरातल्या मंडळीतही 'प्रभूचा दिवस आलाच' अशी अफवा उठली होती. पौलाने काय लिहिलं? गडबडू नका, आणि त्याच पत्रात पुढे, जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. 

मला याबाबतीत एक प्रसंग फार आवडतो. १९ मे १७८० ला अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दुपारी अंधार झाला, जंगलातल्या वणव्यांचा धूर होता तो बहुतेक, पण लोकांना वाटलं न्यायाचा दिवस आला. कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती, सदस्य म्हणाले बैठक उठवू या. तर अब्राहम डॅव्हनपोर्ट नावाचा सदस्य म्हणाला की तो दिवस आला नसेल तर उठायचं कारणच नाही, आणि आला असेल तर मी माझं काम करताना सापडलेला बरा, तेव्हा मेणबत्त्या आणा. सासूबाईंना हे सांगा. आणि ग्रुप म्यूट करा, त्यात काही पाप नाही.

प्रश्न (अहमदनगरहून, संडेस्कूलच्या शिक्षिका): दहा कुमारींचा दाखला शिकवताना एका मुलीने विचारलं, 'शहाण्या मुलींनी तेल का दिलं नाही? त्या स्वार्थी नाहीत का?' मला उत्तर सुचलं नाही.

त्या मुलीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. आपण मुलांना एरवी शिकवतो की वाटून खा, आणि इथे वाटून न घेणाऱ्याच आत जातात, म्हणजे तिला खटकलं ते बरोबरच खटकलं.

दाखला थोडक्यात असा: दहा कुमारी दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या जायला निघतात, पाच शहाण्या जास्तीचं तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत, आणि त्यांचं तेल संपल्यावर शहाण्या द्यायला नकार देतात. तो नीट वाचला तर एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते, की नवऱ्याला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या. शहाण्याही झोपल्या! म्हणजे चोवीस तास डोळे ताणून आभाळाकडे बघत बसणं ही तयारी नव्हे. फरक फक्त भांड्यातल्या तेलाचा. मूर्ख मुली वाईट नव्हत्या हो, त्यांच्याकडेही दिवे होते, त्याही त्याच लग्नाला निघाल्या होत्या, त्यांनी फक्त असं धरलं की नवरा वेळेवर येईल. पण आपल्याकडे तरी वरात कधी वेळेवर आलीय?

आता तेल का दिलं नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणता येते, पण काही गोष्टी उसनवारीत बसतच नाहीत. आईची प्रार्थना मुलाच्या उपयोगी पडते, पण मुलाने कधी गुडघे टेकलेच नाहीत तर ती सवय आई त्याला शेवटच्या रात्री काढून देऊ शकत नाही. तेल म्हणजे नेमकं काय यावर वाद आहेत, कोणी पवित्र आत्मा म्हणतं, कोणी विश्वास, कोणी सत्कर्मं. माझं मत विचाराल तर जे वर्षानुवर्षं थेंबथेंब साठतं आणि एका रात्रीत विकत मिळत नाही, ते. मुलांना मी मोबाइलच्या बॅटरीचं उदाहरण द्यायचो, पण पॉवर बँक आल्यापासून ते उदाहरण बाद झालं. आता परीक्षेचं देतो, मैत्रीण नोट्स देईल पण तिचा अभ्यास तुझ्या डोक्यात कसा घालणार?

प्रश्न (वसईहून एक कॉलेजवाला): मी कॅथलिक, माझा रूममेट पेंटेकॉस्टल. तो म्हणतो तारण (म्हणजे मुक्ती) फक्त विश्वासाने. मग मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी राजा मेंढरांना (म्हणजे नीतिमान लोकांना) 'मला भुकेला असताना खायला दिलं' हेच का म्हणतो? विश्वासाचं तर नावही नाही!

मित्रा, तुमच्या रूममधला वाद ५०० वर्षं जुना आहे, तेव्हा आज रात्रीत मिटला नाही तर मनाला लावून घेऊ नका. इफिस २:८-९ तो तुला ऐकवत असेल, कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे. बरोबर आहे. पण पुढचं दहावं वचनही त्याला वाचायला लाव, सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलंय असं तिथे लिहिलंय. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्याचं सार हेच की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या लायकीवर नाही, कृपेने, आणि ती कृपाच मग आपल्याला चांगल्या कामाला लावते. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एकमेकांना नरकात पाठवायचं थांबलं.

आणि त्या दाखल्यातली मजा बघ. मेंढरं राजाला विचारतात, 'आम्ही कधी तुला खायला दिलं?' त्यांना आठवतच नाही! ज्याने पुण्याची वही ठेवलीय त्याने हा प्रश्न विचारलाच नसता, त्याने पावत्या दाखवल्या असत्या.

प्रश्न (पुण्याहून): नेत्रदान केलं किंवा दहन केलं तर पुनरुत्थानात अडचण येते का?

नाही. समुद्रात बुडालेले, सिंहांनी खाल्लेले रक्तसाक्षी, सगळ्यांना उठवणाऱ्याला तुमच्या डोळ्यांची काय अडचण? कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलीय. पुनरुत्थानाबद्दल १ करिंथ १५ वाचा, आणि नेत्रदानाचा फॉर्म भरा.

प्रश्न (संगमनेरहून एक दादा): माझी आजी वारकरी होती. आयुष्यभर कोणाचं वाईट केलं नाही. आमच्या सभेत सांगितलं की ती नरकात आहे. तेव्हापासून मी सभेला गेलो नाही.

दादा, ज्याने हे सांगितलं त्याला न्यायासनावर कोणी बसवलं होतं? न्याय कोण करणार हे आपण दर रविवारी मतांगिकारात (विश्वासाच्या कबुलीत) ख्रिस्ताबद्दल म्हणतो, 'तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल', त्यात पाळकाचं नाव नाही.

मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही, हे लपवून उपयोग नाही. बरेच इव्हँजेलिकल लोक म्हणतात की ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, आणि ते वचनांच्या आधारेच तसं म्हणतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता माहीत झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मी स्वतः रोम २:१४-१६ (ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्याही मनावर ते लिहिलेलं आहे, असं तिथे आहे) आणि अब्राहामाचा तो प्रश्न, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, यावर येऊन थांबतो. आणि नारायण वामन टिळक तर सांगायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमची आजी त्याच पुलावर होती, पुढे काय झालं ते त्या न्यायाधीशाच्या हातात, आणि त्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. सभा बदला दादा, प्रभूला सोडू नका.

प्रश्न (जालन्याहून, वय ७८): डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले नाहीत. तयारी कशी करू? बायबल पूर्ण वाचून झालेलं नाही. बांधावरून धाकट्या भावाशी ११ वर्षं बोलणं नाही, पण ते वेगळं.

काका, ते वेगळं नाही हो, तुमचा खरा प्रश्न तोच आहे, बायबलचं तुम्ही उगाच पुढे केलंत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने तर एक पानही वाचलं नव्हतं आणि त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला, तेव्हा वाचन राहिलं म्हणून घाबरू नका. मत्तय ५:२३-२४ मात्र एकदा वाचा, वेदीजवळ दान ठेवून आधी भावाकडे जा असं आहे तिथे. बांध कोणाचा होता हे मला विचारू नका, आणि फोनवर त्यालाही विचारू नका. नुसतं विचारा, 'कसा आहेस?' त्याचा नंबर बदलला असेल तर पुतण्याकडून घ्या. तो फोन ठेवून देईलही कदाचित, मग चार दिवसांनी परत लावा.