भूगोलाच्या बाईंना विचारा: आधी उतरण, मग चढण

प्रश्न: बाई, पुढच्या महिन्यात घरचे सहा जण एका मोठ्या भुयारी गुहेला जाणार आहोत. आजूबाजूला नुसती शेतं, आणि मधेच जमिनीला भोक पडावं तसं तिचं तोंड आहे म्हणे. नवरा आणि मुलं आत्तापासून नाचताहेत. मला मात्र लिफ्टमध्येही घाम फुटतो. दोन वर्षांपूर्वी एकदा वीस मिनिटं अडकले होते, तेव्हापासून जास्तच. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण त्यांना यायचंच आहे. मी वरच बसून राहू का? आणि त्यांना न्यावं का?

उत्तर: वर बसायचं की नाही हे घरात बसून ठरवू नका, गुहेच्या तोंडाशी ठरवा.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडकातल्या भेगा विरघळवत विरघळवत दालनं तयार करतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. पण पहिल्यांदा खऱ्या गुहेत उतरले तेव्हा विसाव्या पायरीवर पाय उचलेनात. मागे नववीच्या चाळीस मुली. मी खाली वाकून सँडलचा पट्टा बांधायला लागले. पट्टा बांधलेलाच होता. आमचा वाटाड्या साठीचा गृहस्थ. ‘घाबरू नका’ वगैरे काही म्हणाला नाही. ‘बाई, दहा मिनिटं बसा, डोळे अंधाराला सरावू द्या,’ एवढंच बोलला. मुलीही बसल्या. हळूहळू समोरच्या काळ्या पडद्यातून एकेक गोष्ट सुटी व्हायला लागली. ही उतरती भिंत, हे तिच्यावरचे ओले ओघळ, तो पलीकडचा कठडा. भर उन्हातून आत गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बहुतेकांची निम्मी गुहा पाहून झालेली असते, आणि घाबरणारे परत फिरलेले असतात.

लिफ्टमध्ये हात लांब केला की भिंत लागते आणि दार उघडणं आपल्या हातात नसतं. मोठ्या गुहेत दालनं ऐसपैस असतात, दार नसतंच. अडचण असते ती दोन दालनांच्या मधल्या बोळाची. म्हणून आधी चौकशी करा: सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे, किती लांब आहे, वाकून जावं लागतं की ताठ, आणि आलेल्या वाटेनेच परतायचं आहे का. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा की मी मधूनच मागे फिरेन, आणि सोबत कोण येईल तेही ठरवा. एकटीने फिरायचं नाही. बऱ्याच ठिकाणी एक मिनिट सगळे दिवे घालवून दाखवतात. ते कधी करणार हे विचारून घ्या आणि नवऱ्याचा हात धरा. त्या अंधाराला डोळे कधीच सरावत नाहीत, कारण तिथे उजेडाचा कणही नसतो. तरी स्वतःचा हात डोळ्यांपुढे हलवलात तर तो हलताना दिसल्यासारखा वाटेल. पुष्कळांना वाटतो. हात कुठे आहे हे मेंदूला ठाऊक असतं, चित्र तोच काढतो.

मनगटावर घड्याळ ठेवा. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ साली घड्याळाशिवाय दोन महिने एका गुहेत एकटा राहिला. तो १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच चालू होता!

आता सासूबाई. डोंगर आपण ताज्या दमाने चढतो आणि थकून उतरतो. गुहेचं उलटं आहे. उतरताना सगळे खुशीत असतात, चढण शेवटी येते, तीही ओल्या पायऱ्यांवर. त्यामुळे ‘किती आत जायचं’ यापेक्षा ‘पायऱ्या किती’ हे विचारा. रबरी तळाचे, पाय घट्ट धरणारे बूट हवेत. (सँडलचा माझा अनुभव वर आलाच आहे.) पहिलं दालन पाहून त्या परतल्या तरी पुष्कळ पाहिलं म्हणायचं. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत १८७२ सालीच रूळ टाकले, सुरुवातीला वाटाडे डबे हाताने ढकलायचे. तशी चैन सगळीकडे नसते.

प्रश्न: मला दमा आहे. गुहेत ऑक्सिजन कमी असतो का? आणि गरम कपडे लागतात का?

उत्तर: आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर इनहेलर खिशात ठेवा, गाडीतल्या बॅगेत नाही. आत बहुधा ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडचाच प्रश्न असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. हवा खेळत नसेल तर खोलगट जागी तो साठून कितीतरी पटींनी वाढतो. तीन टक्क्यांच्या आसपास नुसतं उभं राहूनही धाप लागते, डोकं दुखतं. असं झालं की बसून राहू नका, वर चला. आंध्र प्रदेशातली बेलम गुहा ३,२२९ मीटर लांब आहे, त्यातला सुमारे दीड किलोमीटर भाग लोकांना खुला आहे आणि तिथे बाहेरची हवा आत सोडण्याची सोय केली आहे. तुमच्या गुहेत तशी सोय आहे का, हे फोन करून विचारा.

कपड्यांचं म्हणाल, तर खोल गुहेचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं असतं. पोस्तोयनात दहा अंशांच्या आसपास, तिथे जाकीट हवंच. उष्ण प्रदेशातल्या गुहेत दमट हवेने घामाच्या धारा लागतात, तिथे सुती कपडे आणि पाण्याची बाटली.

प्रश्न: पावसाळ्यात गेलं तर चालेल?

उत्तर: नको. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ ला बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले, मागून पावसाचं पाणी भरलं. शेवटचे बाहेर आले ते १० जुलैला. पाऊस गुहेवरच पडायला हवा असं नाही, लांबचं पाणीही जमिनीखालून येतं.

प्रश्न: आजी, मी सातवीत आहे. सहलीत गुहेच्या छताला लोंबणाऱ्या एका नळीला हात लावला आणि ती तुटली. बोटाएवढा तुकडा माझ्याकडे आहे. कुणाला सांगितलं नाही. परत चिकटवता येतो का?

उत्तर: आपणहून सांगितलंस, त्यामुळे ओरडायची माझी तयारी वाया गेली.

तुकडा उजेडाकडे धरून एका टोकातून बघ. मधोमध आरपार भोक आहे ना? पाणी त्यातून येतं आणि टोकाला थेंब होऊन लटकतं. लटकल्या लटकल्या त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत जातो. तो गेला की पाण्याला तेवढा चुना विरघळवून ठेवता येत नाही, मग थेंबाच्या काठाला चुन्याचं बारीक कडं धरतं. थेंब पडतो, कडं राहतं. पुढचा थेंब त्याच्याखाली आणखी एक कडं धरतो. म्हणून नळीची जाडी थेंबाएवढी. मी एकदा असा थेंब कधी पडतो ते मोजत उभी राहिले. एकशे चाळीस झाले तरी पडेना, शेवटी मान दुखली आणि मीच हरले. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर तुझा सहा सेंटिमीटरचा तुकडा व्हायला सहाशे वर्षं लागली. ठिकाणागणिक हे कमी-जास्त होतं.

नुसता हात लावला तरी बोटांचा तेलकटपणा चिकटतो, तिथे पाणी नीट पसरत नाही आणि डाग पडतो. श्वासाचंही तसंच. फ्रान्सच्या लास्को गुहेतली हजारो वर्षं टिकलेली चित्रं १९४८ पासून लोकांना दाखवायला लागले, आणि माणसांच्या श्वासाने, घामाने ती इतकी खराब व्हायला लागली की १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली.

चिकटवता येतो. जाणकार लोक खास गोंदाने असे तुकडे जोडतात, पण तुकडा नेमका कुठून तुटला हे माहीत असेल तरच. म्हणून गुहा सांभाळणाऱ्यांना पत्र लिही. कितवं दालन, कठड्याच्या कुठल्या बाजूला, तुझा हात कुठवर पोचला, आठवेल ते सगळं लिही. मोठ्या कुणाची तरी सही घे, म्हणजे घरी सांगणंही होईल. तुकडा पाकिटात घालू नकोस, कापसात गुंडाळून छोट्या डब्यात ठेव. पोकळ आहे तो, वाटेत चुरा होईल.