वॉटरस्की, वेकबोर्ड आणि वाढत्या वयाची मुलं : वाचकांचे प्रश्न

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एकाच तऱ्हेची पत्रं यायला लागतात. शाळा सुटतेय, मित्राकडे बोट आहे, लेकवर केबिन घेतलंय, तर मुलांसाठी बोर्ड कुठला घेऊ? (वॉटरस्की म्हणजे पायांत दोन लांब फळ्या घालून आणि वेकबोर्ड म्हणजे एकाच रुंद फळीवर आडवं उभं राहून, बोटीच्या दोरीने पाण्यावर ओढलं जाणं.) बोर्डाबद्दल सगळे विचारतात, लाइफ जॅकेटबद्दल क्वचित कोणी. आणि मुलाचं आजचं वजन तर बहुतेक पत्रांत नसतंच. वजन कळल्याशिवाय या खेळात स्की, बोर्ड, जॅकेट काहीच ठरवता येत नाही. पुढच्या वेळी पत्रात ते आधी लिहा.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची, मुलगा 16 चा. आधी स्की शिकवावं की वेकबोर्ड? (ऑस्टिन)

ज्यातलं शिकवणारं अनुभवी माणूस जवळ असेल, ते. वेकबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असतात आणि सुरुवातीला ताशी 15 ते 18 मैलांच्या वेगात काम भागतं, म्हणून या वयाची मुलं त्यावर बहुधा लवकर उभी राहतात. दोन स्कींवर पाय फाकतात, ही तिथली पहिली अडचण. पहिल्या काही खेपा साहित्य भाड्याने किंवा उसनं घ्या. यूएसए वॉटर स्की अँड वेक स्पोर्ट्स या राष्ट्रीय संस्थेशी जोडलेले क्लब आहेत. जवळच्या क्लबमध्ये आधी चौकशी करा, खरेदी नंतर.

प्रश्न : 13 वर्षांच्या मुलाचं वजन 44 किलो आहे. दुकानदार म्हणतो, 67 इंची जोडी घ्या, सगळं घर वापरेल. (मिनियापोलिस)

घर वापरेल, पण मुलाचे हाल होतील. 44 किलोला 58-59 इंचांच्या आसपासची कॉम्बो जोडी (पुढे त्यातल्या एकीवरही चालवता येते अशी) पुरते. 67-68 इंच हे मोठ्यांचं माप आहे. पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन स्कीची टोकं वर धरून थांबावं लागतं. लांब स्की असली की हलक्या मुलाचे पाय तिथेच थकतात आणि टोकं एकमेकींवर चढतात. उलट स्की फार आखूड घेतली तर ती वर येत नाही, बोट चालवणारा वेग वाढवतो आणि पडणं जोरात होतं. या वजनाला ताशी 16 मैल पुरे आहेत.

तुमच्याच राज्यात, लेक पेपिनवर, 1922 मध्ये 18 वर्षांचा राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा पाण्यावर स्की करत गेला, तो आठ फुटी फळ्यांवर. त्याला मापात निवड नव्हती. तुमच्या मुलाला आहे.

बाइंडिंग, म्हणजे स्कीवर पाय अडकवायचा बूट, ओल्या पायाने घालून बघा. टाच आत हलता कामा नये, पण पडल्यावर पाय सुटायला हवा.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची, 50 किलो. बोर्ड एक माप मोठा आणि बूटही एक नंबर मोठे घेतले तर तीन वर्षं चालतील ना? ती डावखुरी आहे, म्हणजे उजवा पाय पुढे ना? (शार्लट)

बोर्डात थोडी सूट चालते. 50 किलोला 130 ते 135 सेंटिमीटर ठीक. त्यातला लांब घेतला तर पाण्यावर लवकर येतो आणि स्थिर राहतो. वाक एकसलग गोलाईचा हवा. तीन टप्प्यांत वाकलेला बोर्ड लाटेवरून जोरात उडतो, ते नवशिक्याच्या कामाचं नाही. खाली फिन (माशासारखे छोटे पर) असलेला घ्या, नाहीतर बोर्ड सरळ धावण्याऐवजी आडवा घसरतो. 'प्रो मॉडेल' हे शब्द किंमत वाढवतात. तुमच्या मुलीला त्यांचा उपयोग शून्य.

बुटांत सूट अजिबात नाही. सैल बुटात टाच उचलली जाते, एक पाय निघतो आणि दुसरा अडकून राहतो. घोटा पिरगळतो तो तेव्हा. वाढत्या पायासाठी पुढून उघडे बूट मिळतात, एक माप दोन-तीन नंबरांना चालतं. घालताना पाय आणि बूट दोन्ही ओले करा.

डावखुरेपणाचा आणि पुढच्या पायाचा काहीही संबंध नाही. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरायला सांगा. जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढचा साधारण 18 अंशांवर (बोर्डाच्या टोकाकडे वळलेला), मागचा 0 ते 9 अंशांवर, आणि दोन्ही बूट मधल्या खुणेपेक्षा एक भोक मागे. स्क्रू हातानेच आवळा. ड्रिल लावलं की बोर्डातले आटे जातात आणि तो बोर्ड वाया गेला समजा. पहिल्या फेरीनंतर एकदा परत आवळा. मापाचा शेवटचा निर्णय मात्र त्या बोर्डाच्या कंपनीच्या वजनाच्या तक्त्यावरून घ्या.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा, 62 किलो, शाळेच्या टीममध्ये पोहतो. दुकानात पातळ, ताणणारं व्हेस्ट दाखवलं. म्हणाले, सगळे प्रो हेच घालतात, जाड जॅकेटने हालचाल अडते. घेऊ का? (सिएटल)

नका घेऊ. याचं उत्तर सविस्तर देणं भाग आहे, कारण हाच सल्ला दरवर्षी देऊन हीच वस्तू विकली जाते.

ते पातळ व्हेस्ट आपटण्याचा मार कमी करायला बनवलेलं असतं. तरंगवण्याची हमी त्यात नाही. आतलं लेबल उलटून वाचा. यू. एस. कोस्ट गार्डच्या मान्यतेचे शब्द नसतील तर कायद्याच्या दृष्टीने ते लाइफ जॅकेटच नाही, मग किंमत कितीही असो. जुन्या लेबलवर 'टाइप 3' असतं, नव्यावर 70 हा आकडा. फुगवायची जॅकेटंही ओढल्या जाणाऱ्या खेळांना चालत नाहीत. प्रो खेळाडूंच्या स्पर्धेत बाजूला सेफ्टी बोट उभी असते. तुमच्या तळ्यावर ती नसेल.

मुलगा पोहतो, चांगलं आहे. पण ताशी 18 मैलांवर छातीवर पाणी आदळलं की काही क्षण श्वास घेता येत नाही. डोक्याला बोर्ड लागला किंवा खांदा निखळला तर हात चालत नाही. तेव्हा जॅकेटनेच त्याला धरायचं असतं. आणि हेही ऐका : 'टाइप 3' जॅकेट बेशुद्ध माणसाला खात्रीने उताणं करत नाही. म्हणून बोटीत चालक सोडून आणखी एका जबाबदार माणसाने सतत मागे पाहिलंच पाहिजे. कुठल्या राज्यात हा कायदा आहे, कुठे चालकासमोर मागचं दाखवणारा आरसा चालतो. तुम्ही आरशावर भागवू नका.

आता माप. 90 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 41 किलोंपर्यंत, वजनावरून 'यूथ' जॅकेट. त्यापुढे छातीच्या घेरावरून मोठ्यांचं. दुकानात सगळे पट्टे आणि चेन लावून मुलाला हात वर करायला सांगा आणि मागून खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्याचं नाही. निओप्रीन (जॅकेटचं रबरी फोमचं कापड) पाण्यात ढिलं पडतं, म्हणून कोरडं असताना घट्टच वाटलं पाहिजे. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून सैल जॅकेट घेणाऱ्या पालकांना कळकळीने सांगणं आहे : पडताना पाणी खालून शिरतं, जॅकेट वर ढकलतं आणि ते तोंडावर येतं. वाढलं मूल की नवं घ्या. पैसे कमी असतील तर चार पट्ट्यांचं साधं नायलॉनचं घ्या. मान्यता तीच असते. बोर्डाचे पैसे कमी करा, जॅकेटचे नको.

आणि ऑनलाइन मागवून शनिवारी सकाळी धक्क्यावर पहिल्यांदा अंगात घालू नका. दुकानात जा, मुलाला बरोबर न्या. शंका असेल तर प्रशिक्षकाला दाखवा.

प्रश्न : घरात ट्यूबची (बोटीमागे ओढायच्या फुगवलेल्या तराफ्याची) दोरी आहे. तीच वेकबोर्डला चालेल? (डॅलस)

नाही. ट्यूबची दोरी ताणते, आणि हँडल सुटलं की बोटीतल्या लोकांच्या दिशेने उसळते. वेकबोर्डला न ताणणारी दोरी लागते, नवशिक्याला 50 ते 60 फूट. स्कीला 75 फुटी. उलटही करू नका : ट्यूबवर दोघं बसणार असतील तर किमान 2,375 पौंड आणि चौघांना 4,100 पौंड ताण सोसणारी ट्यूबचीच दोरी हवी. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच.

प्रश्न : आमच्या आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीमागे मुलांना वेकसर्फ (दोरी सोडून बोटीच्याच लाटेवर स्वार होणं) करू द्यावं का?

नाही. त्यात मूल बोटीच्या अगदी मागे असतं आणि तुमच्या इंजिनाचा पंखाही तिथेच, उघडा.

प्रश्न : नातवाला वाढदिवसाला वेकबोर्डचा पूर्ण सेट द्यायचा आहे. इथून पुण्यातून ऑर्डर करता येईल का?

करू नका, आजोबा. पैसे पाठवा, आणि पहिले पैसे जॅकेट व शिकवणीला जातील असं सुनेला स्पष्ट सांगा.

प्रश्न : फेसबुक मार्केटप्लेसवर आठ वर्षं जुना बोर्ड, बुटांसह, स्वस्त मिळतोय. (न्यू जर्सी)

बघायला जा, पैसे आधी देऊ नका. बोर्डाच्या कडेवरून अंगठा दाबत फिरवा. कुठे मऊ लागलं किंवा थर सुटलेला दिसला तर आत पाणी शिरलंय. बूट काढायला लावा आणि प्रत्येक भोकात स्क्रू फिरवून बघा. नुसताच गरगर फिरला तर सोडून द्या. बुटाचा फोम चिमटीत धरा, भुगा पडला तर बूट संपले. बोर्ड चांगला आणि बूट खराब असतील तर नवे बूट त्याच्या भोकांच्या रचनेत बसतील का, हे दुकानात विचारूनच व्यवहार करा. त्याबरोबर जुनं जॅकेट फुकट मिळत असलं तरी घेऊ नका.

प्रश्न : केबल पार्कमध्ये (जिथे बोटीऐवजी वरची तार ओढते) हेल्मेट लागतं. मग बोटीमागेही घालावं का?

केबल पार्कमध्ये उडी मारायचे उतार (रॅम्प) आणि घसरायचे दांडे (रेल) असतात, तिथे घालायचंच. बोटीमागे मतं वेगळी आहेत : कडांत पाणी भरलं तर हेल्मेट मानेला हिसका देऊ शकतं. पाण्याच्या खेळासाठीच बनवलेलं, मापाचं घ्या. सायकलचं नको. घालायचं की नाही, ते तुमच्या मुलाला शिकवणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न : मुलाचा खांदा डिसेंबरमध्ये निखळला होता. आता दुखत नाही. पट्टा बांधून जुलैत वेकबोर्ड चालेल? कुठला पट्टा घ्यावा?

पट्ट्याचं नाव देणार नाही. बोट ओढायला लागते तेव्हा सगळा झटका हात आणि खांद्यांवर येतो, आणि एकदा निखळलेला खांदा या वयात पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. दुखत नाही याचा अर्थ भरून आला असा नाही. तुम्ही लिहिता की डिसेंबरनंतर डॉक्टरांना दाखवलेलंच नाही. जुलैची वाट कशाला बघताय? याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि 'दोरीने ओढला जाणार आहे' हे त्यांना नेमक्या शब्दांत सांगा. ते हो म्हणेपर्यंत मुलगा बोटीत बसून मागे लक्ष ठेवण्याचं काम करू शकतो.